जाऊबाईंची संध्याकाळची गाडी

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात बाटली आली की त्या आधी खिडकी शोधतात. तेलाची असो, खोकल्याच्या औषधाची असो, पाहुण्यांनी आणलेल्या सरबताची असो. उजेडासमोर धरायची, हलकेच उलटी करायची, आत काही तरंगतंय का बघायचं आणि मगच खाली ठेवायची. एकदा देवाच्या दिव्यात तेल घालायला मी बाटली उघडली, तर मागून म्हणाल्या, "थांब गं धाकटे, यात काडी आहे." दिव्याच्या तेलातल्या काडीने देवाचं काय बिघडणार होतं? पण तेल फडक्यातून गाळून होईपर्यंत त्यांनी मला काडेपेटीला हात लावू दिला नाही.

याला कारण त्यांची नोकरी. लग्नाच्या आधीपासून त्या सलाइनच्या कारखान्यात तपासणीला आहेत. समोर एक फळी असते, अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर ट्यूबलाइट. बाटली उचलायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर कापसाचा तंतू उठून दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. दिसला की बाटली बाजूच्या टोपलीत. दिवसभर हेच. बोलायचं नाही, पेंगायचं नाही, कारण प्रत्येक बाटली कुणाच्या तरी शिरेत जाणार असते. तोंडाला मास्क आणि केसांवर टोपी त्यांच्या कधीचीच अंगवळणी पडलेली. साथ आली आणि आम्ही सगळे मास्क उलटासुलटा लावून एकमेकांना हसत होतो, तेव्हा नाकावरची पट्टी दाबून कशी बसवायची ते त्यांनीच आम्हाला शिकवलं.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, त्यांना 'तपासनीसबाई' म्हणत. मामंजी शहराच्या बसवर कंडक्टर होते. "आयुष्यभर तिकीट तपासनीस गाडीत चढला की माझ्या पोटात गोळा यायचा," ते म्हणायचे, "आणि थोरल्याने ती जमात घरातच आणून बसवली!" पण लाड करायचे ते याच सुनेचे. मी घरात असे, चारी वेळचं त्यांचं खाणंपिणं बघे, तरी संध्याकाळी त्यांचे कान लागलेले असत ते फाटकाच्या कडीकडे. मला त्याचा राग नाही आला कधी. जाऊबाई कामावरून येताना जे आणत ते माझ्याकडे नव्हतंच. त्या गाडीच्या बातम्या आणत.

हात-पाय धुऊन त्या मामंजींच्या खाटेवर पायथ्याशी बसत, चहाचा कप दोन्ही हातांत धरत, की मामंजी सुरू.

"बोला तपासनीसबाई, आज काय गाडीत?"

"आज एक बाई मांडीवर शिलाई मशीन घेऊन बसली होती."

"मशीन? तिकीट काढलं त्याचं?"

"कंडक्टरने मागितलं ना. तर म्हणते, मांडीवरच्या लेकराचं तिकीट नसतं, मग याचं कसलं?"

मामंजी मांडीवर थाप मारून हसत. "बाईचं चुकलं नाही हो! पण मी असतो तर घेतलं असतं. आणि मग तिला जागा करून दिली असती."

हे असं रोज. कोणत्या थांब्यावर कोण चढलं, ड्रायव्हरने ब्रेक कसा मारला, मागच्या बाकावर कुणाचं जुंपलं. बाटलीतला तंतू पकडणाऱ्या डोळ्यांना माणसांतलं काय दिसणार नाही? निवृत्तीनंतर मामंजी त्या गाडीत चढले नसतील, पण जाऊबाईंच्या तोंडून रोज घरी बसून फेरी मारून येत.

त्या दोघांच्यात आणखी एक गोष्ट होती, जी कुणी बोलत नसे. मी या घरात यायच्या आधीची. जाऊबाई नव्या नव्या लग्न होऊन आल्या होत्या आणि त्यांना दिवस गेले होते. त्याच सुमारास बसवाल्यांचा संप झाला. मामंजी संपात पुढे होते. गेटवर उभे राहून भाषण करायचे. गाड्या बंद, तर जाऊबाई कामावर चालत जाऊ लागल्या. कुणी सांगितलं नाही जा म्हणून, कुणी नको म्हणूनही सांगितलं नाही. एक दिवस वाटेतच त्यांना रक्तस्राव सुरू झाला. मूल गेलं, आणि पुढे झालंच नाही. मामंजी दवाखान्याच्या दारापर्यंत आले, आत पाऊल घातलं नाही. भावजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, मला हे एकदाच सांगितलं. त्यानंतर मामंजींनी जाहीर केलं होतं की माझ्या घरातली सून कामाला पायी जाणार नाही. तिचा महिन्याचा पास काढायला ते स्वतः रांगेत उभे राहत. गुडघे गेले तेव्हा काठी टेकत उभे राहिले. जाऊबाई म्हणत, "अहो, मी काढते ना," तर ऐकत नसत.

मग ती साथ आली. सगळं बंद झालं. सलाइनचा कारखाना मात्र बंद होणार कसा? उलट कामाच्या पाळ्या वाढल्या. भावजी पाणीपुरवठ्याच्या पंपावर. तिथल्या माणसांना आवारातच राहायचा हुकूम झाला. घरातलं एकुलतं एक वाहन, त्यांची स्कूटर, तीही त्यांच्याबरोबर गेली. आमचे हे घरूनच कंपनीचे हिशेब लिहीत. सुरुवातीला जाऊबाईंना न्यायला कारखान्याची गाडी यायची. पुढे बस सुरू झाल्या आणि कारखान्याने आपली गाडी काढून घेतली.

मामंजींची छाती आधीच धुराने आणि धुळीने पोखरलेली. डॉक्टरांनी आम्हा दोघी सुनांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "यांना जपा. हे दुखणं यांच्यापर्यंत आलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

बस सुरू झाली त्या सकाळी जाऊबाई थांब्यावर गेल्या. गाड्या निम्म्यावर आणलेल्या, माणसं तेवढीच. बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी, एका बाकावर एकच प्रवासी; आणि आत दारापर्यंत माणूस कोंबलेला, कुणाचा मास्क हनुवटीला, कुणाचा खिशात. एक गाडी सोडली, दुसरी सोडली. तिसऱ्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला होता म्हणे. पुढच्या माणसाची मान त्यांच्या तोंडापासून वीतभर होती. त्यांना डॉक्टर आठवले. पाय खाली घेतला आणि त्या चालायला लागल्या.

संध्याकाळी चालतच आल्या. मागच्या नळावर आंघोळ केली, कपडे साबणात बुडवले आणि मला मोरीपाशी ओढून नेलं. "धाकटे, मी चालत गेले आणि चालत आले. रोज तशीच जाणार. मामंजींना कळता कामा नये. तुला देवाची शपथ."

"अहो पण केवढं लांब! पाय बघा तुमचे."

"पायाचं काय, मिठाच्या पाण्यात बुडवले की झालं. पण त्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत. तुला माहीत आहे ना सगळं?"

मला माहीत होतं. आणि देवाची शपथ मी मोडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांची वाट कालव्याच्या कडेने जायची. मोठ्या रस्त्यावर माणसं होती, कालव्यावर कुणी नसे. पुढे सिमेंटची गोदामं, मग कुलूप लावलेली शाळा, मग पूल. पिशवीत घरचं पाणी, वर छत्री, मास्क कायम नाकावर. समोरून कुणी आलं की त्या कडेला उभ्या राहून पाठ करत. "लोकांना वाटत असेल बाई शिष्ट आहे," मला हसत सांगायच्या. टाचांना भेगा पडल्या, अंगठ्याचं नख काळं पडलं. तरी घरी आल्यावर त्या मामंजींसमोर लंगडत नसत. दारापर्यंत लंगडत येत आणि उंबऱ्यापासून सरळ चालत.

घरातले नियमही त्यांनीच घालून घेतले. खाटेच्या पायथ्याशी बसणं बंद. त्या ओसरीवर, दाराच्या बाहेर, लाकडी स्टूल टाकून बसणार. मामंजी आत खाटेवर. मधे उंबरा. आणि तिथून गाडीच्या बातम्या.

आता गाडीत बसल्याच नाहीत, तर बातम्या कुठून आणायच्या? पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गाडी रिकामी असते हो आता. एका बाकावर एकच माणूस. कुणी बोलत नाही."

मामंजींनी कप खाली ठेवला. "त्या मार्गावर? संध्याकाळची गाडी रिकामी?"

"हो ना. नियम आहे."

"बरं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. चहा गार झाला.

जाऊबाईंना फार लागलं ते. मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "बघितलंस, कसं तोंड झालं? रिकामी गाडी त्यांना बघवत नाही गं. गाडी भरलेली म्हणजे कंडक्टरची शान, असं म्हणायचे नेहमी. मी मेली, रिकामी गाडी घेऊन आले त्यांच्यापुढे."

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई गाडीत माणसं भरू लागल्या.

पहिल्यांदा एक म्हातारी आली, नातवासाठी मांजराचं पिल्लू पदराखाली घेऊन चाललेली. मग एक केस कापणारा, जो बंद दुकानाचा आरसाच काखेत मारून घरी निघाला होता आणि वाटेत सगळे त्या आरशात बघून आपापले भांग नीट करत होते. एक जाडगेले गृहस्थ, दोन माणसांची जागा अडवून वर म्हणतात, मी अंतर पाळतोय. वाटेत जे खरं दिसे त्यात त्या थोडं मीठ-मसाला घालत. आरसेवाला खरंच कालव्यावर भेटला होता, एकटाच. चालता चालता गोष्ट जुळवायच्या. "पुलावर आले की माझी गोष्ट पुरी होते," म्हणायच्या. मला वाटायचं, बाईंना देवाने काय देणगी दिली आहे! मी आतून ऐकत भाजी चिरत असे आणि हसू आवरत नसे.

मामंजीही हसत. खरोखर हसत. म्हणून तर कुणाला काही कळलं नाही.

त्यांची सगळ्यात रंगलेली गोष्ट खोकणाऱ्याची. जाऊबाईंनी स्टुलावरून उठून नक्कल करून दाखवली होती.

"गाडी खच्चून भरलेली. मुंगीला जागा नाही. आणि मधल्या बाकावरच्या माणसाला आला खोकला. एकदाच हं, खॉक्! की सगळे गप्प. ड्रायव्हरने आरशात बघितलं. तो म्हणतो, अहो ठसका लागला, शेंगदाणा अडकला. कोण ऐकतंय! पुढच्या थांब्यावर सगळी गाडी उतरली. सगळी! कंडक्टरसुद्धा."

"कंडक्टर उतरला?" मामंजी उठून बसले.

"उतरला ना. खालून घंटा मारतोय. आणि तो एकटा माणूस ऐटीत खिडकीला बसून शेंगदाणे खातोय."

मामंजी इतके हसले की त्यांनाच खोकला आला. मी पाणी घेऊन धावले. हसता हसता डोळे पुसत ते म्हणाले, "आणि तू? तू उतरलीस का?"

"मी कशाला उतरू? मला आयती जागा मिळाली!"

त्यावरही ते हसले. मग म्हणाले, "जा आता, हात धू."

"धुतले की हो."

"परत धू गं. माझं ऐक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या यांना सांगून खाट मागच्या भिंतीला लावून घेतली. जाऊबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "दारातून ऊन डोळ्यांवर येतं." संध्याकाळी कुठलं ऊन? पण म्हाताऱ्या माणसाला कोण उलट विचारणार. मग ते तोंडावर पंचा घेऊन बसू लागले. आम्हाला कौतुक वाटलं, की बघा, या वयात नियम पाळतात. पुढे पुढे जाऊबाई यायच्या वेळेला ते डोळे मिटून पडलेले असत. मी हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. त्या स्टुलावर थोडा वेळ बसत आणि उठत.

"कंटाळले गं माझ्या गोष्टींना," त्या म्हणाल्या एकदा. पाय मिठाच्या पाण्यात होते. "तेच तेच होत असेल. उद्या काहीतरी झकास आणते."

आणि त्यांनी आणलं. डोळे मिटलेल्या माणसाला त्या दारातून गोष्ट सांगत, की जागे असतील तर ऐकतील. गाडी रोज जास्त भरू लागली. कुणी टपावर चढलं, कुणी खिडकीतून आत आलं. पंच्याखाली मामंजींचे ओठ हलताना मी पाहिलं होतं. मला वाटलं, हसताहेत. किंवा जप करताहेत.

मामंजी गेले ते असेच एका संध्याकाळी, जाऊबाई वाटेवर असताना. मी चहा ठेवायला गेले तर बसल्या जागी मान कलली होती. डॉक्टर अंगावर तो सगळा प्लॅस्टिकचा झगा चढवून आले. तपासणी झाली. साथीचं काही नव्हतं. हृदय थकलं होतं, म्हणाले, कधीही थांबणार होतं. जाऊबाई फाटकातून आत आल्या तेव्हा ओसरीवर डॉक्टरांच्या चपला बघून तिथेच थांबल्या. त्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत लंगडतच आल्या.

भावजींना पंपावरून एका दिवसाची मुभा मिळाली. चार माणसांत सगळं उरकावं लागलं. जाऊबाईंनी तेव्हा नवऱ्याला चालण्याचं सांगितलं. भावजी त्यांच्या पायांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शेवटपर्यंत त्यांना काही लागू दिलं नाहीस तू." तो शब्द जाऊबाईंनी धरून ठेवला. पुढचे कितीतरी दिवस त्या मला तेच सांगत. "माझ्याकडून त्यांना काही आलं नाही, एवढं तरी देवाने केलं ना गं?" मी म्हणायची, केलं. त्याबद्दल मी रोज दिव्यासमोर हात जोडत होते.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर ड्रायव्हरकाका आले. ते आणि मामंजी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर. एक पुढे, एक मागे. साथीत भेटता येत नव्हतं म्हणून दोघे रोज दुपारी फोनवर बोलायचे. फोन घेताना मामंजी दार लावून घ्यायचे. ओसरीवर बसले काका. जाऊबाईंनी चहा दिला. मामंजींच्या आठवणी निघाल्या. काका हसले, रडले, पुन्हा हसले.

मग सहजच म्हणाले, "शेवटी शेवटी मात्र फार भ्याला होता बघ. इतक्या वर्षांत त्याला असं भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं."

"कशाला?" जाऊबाईंनी विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "जाऊ दे. म्हातारपण दुसरं काय."

"काका, नीट सांगा. कशाला भ्याले होते?"

त्या आवाजात असं काही होतं की काकांना गप्प बसता आलं नाही. बाटली उजेडासमोर धरल्यावर जाऊबाईंचा चेहरा असतो, तसाच तेव्हा होता.

"त्या संध्याकाळच्या गाडीला गं. म्हणायचा, ती रिकामी गाडी सांगते, पण मला त्या मार्गाची गर्दी काय नवीन आहे? मग तूच गर्दीच्या गोष्टी सांगायला लागलीस. तो खोकणारा माणूस… मला फोनवर सांगताना त्याचा आवाज कापत होता. म्हणाला, सून तशीच बसून राहिली रे त्या गाडीत, आणि तिथून सरळ माझ्या दारात."

"हसले होते ते," जाऊबाई म्हणाल्या.

"हसणारच. तुझ्यासमोर कसा भिणार तो? मी म्हटलं, सांग की तिला, लांब बस म्हणून. तर म्हणाला, कोणत्या तोंडाने सांगू? एकदा तिचं सगळं गेलं माझ्यामुळे. दिवसभर राबून ती पोर दोन घटका माझ्या दारात बसते, तिला उठ म्हणू? त्यापेक्षा मी झोपल्याचं सोंग घेतो. गाडी यायची वेळ झाली की छाती धडधडायला लागते, म्हणायचा."

आतून यांचा हिशेबाचे आकडे पुटपुटण्याचा आवाज तेवढा येत होता.

"काका," जाऊबाई म्हणाल्या, "मी त्या गाडीत एकदाही बसले नाही."

"म्हणजे?"

"चालत येत होते. कालव्याने. कुणाला शिवले नाही वाटेत."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"त्यांना वाईट वाटेल म्हणून."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती तशीच चुरगाळत बसले. चहा न संपवता गेले.

मला वाटलं होतं जाऊबाई रडतील. त्या रडल्या नाहीत. कप उचलून आत नेले, विसळले, पालथे घातले. मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "दोन शब्द होते गं धाकटे. चालत येते. एवढेच. रागावले असते, एक दिवस जेवले नसते. पण मला जवळ बसू दिलं असतं ना? खाट तरी मागे नेली नसती."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, हृदय जुनं झालं होतं."

"छाती धडधडायची म्हणाले काका. माझी वेळ झाली की. आणि गेले कधी? माझ्याच वेळेला."

मी म्हटलं, देवाच्या दारी सगळं उघड असतं, मामंजींना आता ठाऊक झालं असेल तुम्ही कशा येत होतात. माझा तसा विश्वास आहे आणि मी तो मनापासून सांगितला. जाऊबाई म्हणाल्या, "तुझा विश्वास आहे, बरं आहे तुझं." त्यात टोमणा नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मी पुष्कळ विचार केला यावर. त्या माउलीने काय वाईट केलं? जी गर्दी टाळायची ती टाळली. पाय झिजवले, नियम मोडला नाही, दुखणं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेरचं काही आणलं नाही. आणली ती फक्त गोष्टीतली गर्दी, आणि तीही त्यांना हसवायला. आणि मामंजींनी तरी काय केलं? सुनेचं मन राखलं. दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की उंबऱ्याच्या दोन बाजूंना दोघे एकटे पडले. देवासमोर बसले की जाऊबाईंसाठी काय मागावं हे मला कळत नाही. विसर मागावा, तर त्यांना तो नको आहे. मी नुसती त्यांचं नाव घेते आणि हात जोडते.

जाऊबाई बरेच दिवस गप्प गप्प होत्या. कामाला जात, येत. गोष्टी बंद. बस आता सुरळीत झाल्या होत्या तरी त्या चालतच जात. का ते मी विचारलं नाही. भावजी पंपावरून कायमचे घरी परत आले, त्यानंतर एका सकाळी त्यांनी स्कूटर फाटकाबाहेर काढली आणि हाक मारली.

"चल, सोडतो तुला कारखान्यात."

"तुमच्या वाटेवर कुठे आहे तो? उशीर होईल तुम्हाला."

"छे गं, कसला उशीर!"

जाऊबाई पिशवी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या, पुढे गेल्या नाहीत. "अहो, खरं सांगा."

भावजींनी किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला. जरा ओशाळले. "होईल उशीर. साहेब बोलेलसुद्धा."

"मग असं सांगावं ना."

"सांगितलं की आता. तरी सोडणार आहे. बस."

त्या मागे बसल्या. भावजींनी स्कूटर जोरात पुढे काढली, तशी जाऊबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी फाटकाला कडी लावत होते. वळणापाशी त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"हळू चालवा हो. मला भीती वाटते."

स्कूटर हळू झाली.